करंगळी एकदा आपटते, दुखतं दोनदा

प्रश्न : रात्री अंधारात उठलं की पलंगाच्या पायावर करंगळी आपटते. आधी झटक्यात सणक जाते. ती ओसरते न ओसरते तोच मागून खोल ठणका सुरू होतो. मार एकच, मग दुखणं दोनदा का? माझी मुलगी बारावीला आहे. ती सांगते, की काही मज्जातंतूंवर वायरवरच्या प्लास्टिकसारखं मायलिनचं आवरण असतं, त्यामुळे संदेश उड्या मारत वेगानं जातो. मला हे पटत नाही. प्लास्टिक सोललं म्हणून तारेतली वीज काही हळू जात नाही. आणि संदेश उडी मारतो म्हणजे मधली जागा तो ओलांडतो कसा?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : मुलीच्या उत्तराला परीक्षेत पूर्ण गुण मिळतील, पण तुमची शंका त्या उत्तराहून सरस आहे. आधी करंगळीचं बघू.

पायाच्या करंगळीपासून पाठीतल्या मज्जारज्जूपर्यंतचं अंतर प्रौढ माणसात साधारण एक मीटर. या वाटेवरच्या नर्व्हमध्ये हजारो तंतू शेजारी शेजारी असतात आणि त्यांची जात सारखी नसते. स्पर्श कळवणारे तंतू जाड आणि मायलिननं भरभक्कम वेढलेले. ते सेकंदाला पन्नासेक मीटर वेगानं बातमी नेतात. टोचरी सणक कळवणारे तंतू बारीक, त्यांच्यावर मायलिनचा पातळ थर, वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. रेंगाळणारा ठणका कळवणारे तंतू सगळ्यांत बारीक, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या किंवा त्याहूनही कमी जाडीचे. त्यांच्यावर मायलिन नाहीच. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा.

आता एक मीटरला या वेगांनी भागा. बोट कशाला तरी लागलं ही बातमी ०.०२ सेकंदात मज्जारज्जूपाशी पोचते, सणक ०.०७ सेकंदाच्या आसपास आणि ठणका तब्बल एक सेकंदानं. पहिल्या दोन बातम्यांमधलं अंतर आपल्याला जाणवत नाही, तिसरी मात्र स्पष्टपणे मागाहून येते. हाच मार कपाळाला बसला तर दोन दुखण्यांत फारशी फट राहत नाही, कारण वाटच आखूड. जाता जाता एक गोष्ट : आपटल्यावर आपण बोट चोळतो ते उगाच नव्हे. चोळण्यानं जाड, वेगवान स्पर्शतंतू जागे होतात आणि मज्जारज्जूतच ठणक्याच्या बातमीला थोडा अटकाव करतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये मांडलेली ही कल्पना तपशिलात बरीच बदलली, पण तिचा गाभा टिकून आहे.

तंतूंच्या वेगांची ही प्रतवारी अमेरिकेत सेंट लुईस इथे अर्लँगर आणि गॅसर यांनी केली. त्यासाठी त्यांना १९४४चं नोबेल मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८५०मध्ये, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या पायातल्या नर्व्हचा वेग मोजून दाखवला होता. त्याचे गुरू योहानेस म्युलर यांना हा वेग कधी मोजता येईल असं वाटत नव्हतं. हेल्महोल्ट्झनं युक्ती साधी केली. नर्व्हला एकदा स्नायूजवळ आणि एकदा स्नायूपासून लांब विजेचा झटका दिला, आणि स्नायू आखडायला लागलेल्या वेळांमधला फरक काढला. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. विजेचा वेग प्रकाशाच्या पंक्तीतला आणि हा असा, त्यामुळे नर्व्हमधून 'वीज वाहते' हे म्हणणं तिथेच लंगडं पडलं.

म्हणजे मज्जातंतू ही तार नाही. तो मिठाच्या पाण्यासारख्या द्रवानं भरलेला, केसाहून कितीतरी बारीक असा नळीवजा धागा आहे. तांब्याच्या तुलनेत या द्रवाचा विजेला होणारा विरोध काही कोटी पट जास्त. धाग्याचं पटल मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ, आणि बाहेरही खारं पाणीच. प्लास्टिक काढलं तरी वीज हळू होत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, कारण तुमच्या घरातली तार हवेत आहे आणि हवा स्वतःच वीज अडवते. तीच तार समुद्रात बुडवा, म्हणजे आवरणाची किंमत कळते. १८५८मध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी पहिली तारयंत्राची केबल अटलांटिकच्या तळाशी टाकली गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले. आवरण असूनही लागले! विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी त्याचं गणित आधीच मांडलं होतं. तारेतला विद्युतभार आणि बाहेरच्या खाऱ्या पाण्यातला भार आवरणाच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरून ठेवतात. आवरणात हा साठा पुरता झाल्याशिवाय पुढच्या टोकाला खूण उमटत नाही. भौतिकशास्त्रात याला धारकता म्हणतात. पुढच्या शतकात शास्त्रज्ञांनी मज्जातंतूला लावलं ते मुळात हेच केबलचं समीकरण.

तुम्ही उसाच्या मुलखातले, म्हणून पाटाचं उदाहरण देतो. कोरड्या कच्च्या पाटात पाणी सोडलं की आधी माती पाणी पिते. ती भिजेपर्यंत पाण्याची धार पुढे सरकत नाही, आणि भिजल्यावरही थोडं पाणी झिरपत राहतंच. पाटाला अस्तर केलं तर दोन्ही नुकसानं टळतात. मायलिनचंही असंच. ते गळती कमी करतं हे सगळे सांगतात. भिजण्यात जाणारा वेळ वाचवतं हे सहसा सांगायचं राहतं. माझ्या मते वेगाच्या हिशेबात खरी महत्त्वाची गोष्ट हीच दुसरी.

आता हे अस्तर होतं कसं ते बघा, कारण या विषयातला सगळ्यांत देखणा भाग हाच. हातापायांकडे जाणाऱ्या नर्व्हमध्ये श्वॉन पेशी नावाच्या पेशी असतात. थिओडोर श्वॉन यांनी १८३९मध्ये त्यांचं वर्णन केलं. अशी एक पेशी तंतूच्या एका छोट्या तुकड्याला बिलगते आणि आपल्या शरीराची एक पातळ जीभ काढून त्याभोवती फिरू लागते. नवा वेढा जुन्याच्या वरून पडत असेल असं आपल्याला वाटेल, पण पुढे सरकणारी कड असते आतल्या बाजूला, थेट तंतूला चिकटून, आधीच्या सगळ्या वेढ्यांच्या खालून. पेशीचं केंद्रक मात्र बाहेरच राहतं. वेढे पडत जातात तसा त्यांच्यातला द्रव पिळून निघतो आणि उरतात ती एकावर एक घट्ट बसलेली पटलं. जाड तंतूंवर असे शंभरापर्यंत वेढे असू शकतात. ही गुंडाळी प्रत्यक्ष पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. १९५४मध्ये बेटी गेरेन यांनी कोंबडीच्या भ्रूणात ती दाखवली, तोपर्यंत मायलिन म्हणजे तंतूनं बाहेर टाकलेली चरबी असावी असंही मानलं जात होतं.

चरबी आहे हे मात्र खरं. पाणी वजा केलं तर मायलिनचा ७० ते ८० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो, त्यात कोलेस्टेरॉल भरपूर. बाकीची प्रथिनं. ती थरांना एकमेकांशी जखडून ठेवतात. त्यांतलं एक प्रथिन ज्यांच्यात बनत नाही अशा उंदरांमध्ये मेंदूतले थर घट्ट बसत नाहीत आणि उंदीर सतत थरथरत राहतात. किती वेढे घालायचे याचा हुकूम तंतूच देतो. त्याच्या पृष्ठभागावरचं एक संकेत-प्रथिन श्वॉन पेशीला आपली जाडी कळवतं. तंतू जितका जाड तितके वेढे जास्त, त्यामुळे आतल्या तंतूचा व्यास पूर्ण जाडीच्या साधारण साठ-सत्तर टक्के राहतो. सगळ्यांत जलद वहन होण्यासाठीचं गणितानं काढलेलं प्रमाणही याच्या अगदी जवळ येतं.

मेंदूत आणि मज्जारज्जूत हेच काम दुसऱ्या पेशी करतात, त्यांना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. स्पेनचे रिओ-ऑर्तेगा यांनी त्या १९२१च्या सुमारास ओळखल्या. श्वॉन पेशी एका तुकड्यापुरती असते. ही मात्र अनेक हात पसरून पन्नासेक तुकडे एकाच वेळी सांभाळू शकते. मेंदूचा आतला भाग पांढरा दिसतो तो याच मायलिनमुळे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मात्र मायलिन नसतं. तिथे पांढरं काही आलं तर प्रकाश अडेल, म्हणून दृष्टितंतूंना मायलिन मिळतं ते डोळ्यातून मागे बाहेर पडल्यावर.

दोन तुकड्यांच्या मध्ये तंतू उघडा राहतो. फ्रान्सच्या लुई रांविए यांनी १८७१च्या सुमारास चांदीच्या क्षारानं नर्व्ह रंगवून या खाचा दाखवल्या. पाठ्यपुस्तकात त्यांना नोड म्हणतात. एक खाच जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी लांब. दोन खाचांमधलं अंतर जाड तंतूंत एक मिलिमीटर किंवा थोडं अधिक. म्हणजे तंतूच्या लांबीचा हजारात एखादाच भाग उघडा. सगळी खरी कारवाई मात्र तिथेच. खाचेतल्या पटलावर सोडियमचे कण आत सोडणाऱ्या वाहिन्या दाटीनं बसवलेल्या असतात, एका चौरस मायक्रॉनवर हजाराच्या घरात. खाचेच्या दोन्ही काठांना मायलिनच्या थरांच्या कडा तंतूला घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात, जेणेकरून प्रवाह आवरणाखालून निसटू नये. त्या शिवणीपलीकडे मायलिनच्या खाली पोटॅशियमच्या वाहिन्या असतात.

स्वस्थ तंतूच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण दाब असतो. संदेश आला की खाचेतल्या सोडियम-वाहिन्या उघडतात, धनभारित सोडियम आत घुसतं, आतला दाब क्षणात धन होतो. हा नवा भार आतल्या द्रवातून पुढच्या खाचेकडे सरकतो. मध्ये मायलिन असल्यामुळे वाटेत फारसा गळत नाही आणि फारसा साठतही नाही. पुढच्या खाचेपाशी दाब ठरावीक पातळीवर गेला की तिथल्या वाहिन्या उघडतात. मागची खाच नुकतीच वापरली गेल्यानं तिच्या वाहिन्या क्षणभर निकामी असतात, म्हणून संदेश मागे फिरत नाही.

तर मग उडी कुठली? मधली जागा संदेश आतूनच ओलांडतो, नुसता प्रवाह म्हणून, कुठलीही नवी भर न घालता. 'उडी' या शब्दाला आधार मात्र आहे. जपानमध्ये इचिजी तासाकी यांनी १९३९च्या सुमारास एकेका तंतूवर प्रयोग करून खाचांचं महत्त्व सिद्ध केलं. १९४९मध्ये केंब्रिजचे हक्सली आणि त्यांचे सहकारी श्टेम्फली यांनी एक तंतू काचेच्या बारीक छिद्रातून ओढत जागोजागी प्रवाह मोजला. एका तुकड्याच्या लांबीभर प्रवाह जवळजवळ एकाच वेळी दिसत होता. खाच ओलांडली की मात्र थोडा उशीर. आलेख काढला तर पायऱ्या दिसतात. म्हणून लोक उडी म्हणाले.

पण त्या शब्दानं चित्र असं उभं राहतं, की संदेश एका वेळी एका खाचेवर असतो आणि मग पुढच्यावर टुणकन जातो. हिशेब करून बघा. सेकंदाला ६० मीटर वेग, खाचांमधलं अंतर एक मिलिमीटर. म्हणजे एक टप्पा गाठायला सेकंदाचा साठ हजारावा भाग लागतो. एका खाचेतली सगळी घडामोड सुरू होऊन संपायला लागतो साधारण अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात संदेशाची आघाडी ३० मिलिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे कोणत्याही क्षणी तीसेक खाचा एकदमच कुठल्या ना कुठल्या अवस्थेत असतात : काही नुकत्याच जाग्या होणाऱ्या, काही ऐन भरात, काही शांत होत चाललेल्या. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा. हे तीन सेंटिमीटर लांबीचं, सलग सरकणारं काहीतरी आहे. क्लासच्या नोट्समधलं उड्या मारणारं चित्र मला म्हणूनच आवडत नाही. ते लक्षात राहतं खरं, पण चुकीचं लक्षात राहतं.

याचा पुरावा दंतवैद्याच्या खुर्चीत मिळतो. एका खाचेतून पुढच्या खाचेला पोचणारा प्रवाह गरजेच्या पाच-सात पट असतो. त्यामुळे एखादी खाच औषधानं बंद पाडली तरी संदेश तिला ओलांडून पलीकडची खाच जागी करतो. दोन बंद असल्या तरी कधीकधी जमतं. सलग तीन-चार बंद पडल्या की मग थांबतो. म्हणून दाढ काढताना देतात ते लिग्नोकेन नर्व्हच्या काही मिलिमीटर लांबीवर पसरावं लागतं. सोडियम-वाहिन्या बंद करणं एवढंच त्याचं काम.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जागेसाठी. मायलिन नसलेल्या तंतूचा वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. एक मायक्रॉन जाडीला सेकंदाला एक मीटर धरला, तर ६० मीटरसाठी ३,६०० पट जाडी हवी, म्हणजे साडेतीन मिलिमीटरहून जाड एकच तंतू. मायलिन असलेला तंतू तो वेग सुमारे दहा मायक्रॉनमध्ये देतो. डोळ्यामागची दृष्टीची अख्खी नर्व्ह त्या साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते आणि तिच्यात दहा लाखांच्या आसपास तंतू बसतात. माखुल्याच्या जातभाईंनी, म्हणजे स्क्विडनी, जाडीचा मार्ग पत्करला. त्यांचा एक तंतू अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि त्या जाडीमुळेच हॉजकिन आणि हक्सली यांना त्यात विद्युदग्र घालून १९५२मध्ये संदेशवहनाचं पूर्ण गणित मांडता आलं. १९६३च्या नोबेलचे ते मानकरी ठरले.

जगातला सगळ्यांत वेगवान ज्ञात तंतू मात्र ना माणसाचा, ना चित्त्याचा. तो कोळंबीचा आहे. आपण बाजारातून आणतो त्या पेनियस कुळातल्या एका जपानी कोळंबीत सेकंदाला २०० मीटरच्या पुढचा वेग नोंदवला गेला आहे. माणसात हीच मजल १२०च्या आसपास. कोळंबीनं मायलिनसारखं आवरण आपल्यापासून स्वतंत्रपणे घडवलं, वर त्या आवरणाच्या आत द्रवानं भरलेली रुंद पोकळी ठेवली. शेपटीचा फटकारा मारून निसटायला ते कामी येतं. जाळ्यापुढे इलाज नसतो, ते वेगळं.

प्रश्न : नातू पाच महिन्यांचा आहे. तळव्यावर कडेनं बोट ओढलं की त्याचा अंगठा वर उचलतो आणि बाकीची बोटं पसरतात. डॉक्टर म्हणाले, बाळात हे ठीक, मोठ्यांत दिसलं तर वाईट. असं का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगतात, काळजी करू नका. मोठ्या माणसात तळवा खरवडला की बोटं खाली मुडपतात. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे तंतू मूळची प्रतिक्रिया दाबून ठेवतात म्हणून असं होतं. बाळात या लांब तंतूंवर अजून पुरतं मायलिन चढलेलं नसतं, त्यामुळे वरचा अंकुश पोचत नाही. साधारण एक ते दोन वर्षांत मायलिन चढतं आणि ही खूण जाते. मूल त्याच काळात मान धरतं, बसतं, चालतं, हा योगायोग नव्हे. मोठेपणी ती परत दिसली तर त्या मार्गाला इजा झाली असं समजतात. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या बाबिन्स्की यांनी १८९६मध्ये हे सांगितलं आणि आजही त्यासाठी एक बोथट टोक पुरतं. मेंदूच्या कपाळामागच्या भागात मायलिन चढायचं काम विशीनंतरही चालू असतं. तिथूनच आपल्या विचारीपणाचा बराचसा कारभार चालतो, हे तरुण नातवंडांवर रागावताना ध्यानात ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : २०२५च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची साथ आली, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एकाचे पाय चार दिवसांत लुळे पडले. तपासणीत 'नर्व्हचा वेग कमी' असं लिहून आलं. वेग कमी होतो म्हणजे नेमकं काय?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. पहिल्या महायुद्धात, १९१६मध्ये, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत त्याचं वर्णन केलं. पुण्याच्या साथीत दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदवले गेले, बरेचसे तुमच्याच भागातले, आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जिवाणू सापडला. हा जिवाणू पोट बिघडवतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पण जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातली साखरेची रचना आपल्या मज्जातंतूंच्या पटलावरच्या रचनेसारखी असते, म्हणून तीच प्रतिपिंडं आपल्याच तंतूंवर उलटतात.

आजाराचे मुख्य प्रकार दोन. एकात मायलिन सोलवटतं. मग वर सांगितलेला हिशेब बिघडतो : भार वाटेत गळतो, साठतो, पुढच्या खाचेपर्यंत पुरेसा पोचत नाही. आधी वेग घटतो, मग काही तंतूंत संदेश थांबतोच. हाताच्या नर्व्हमध्ये निरोगी माणसात सेकंदाला ५० मीटरच्या आसपास किंवा अधिक वेग मिळतो, पायात ४०च्या वर. आकडा त्याच्या बराच खाली गेला की डॉक्टर मायलिनकडे बोट दाखवतात. दुसऱ्या प्रकारात हल्ला खाचांपाशी खुद्द तंतूवर होतो. तिथे वेग फारसा घटत नाही, संदेशाचा जोर मात्र घटतो. कॅम्पिलोबॅक्टरनंतर हा प्रकार जास्त दिसतो. जाता जाता : तपासणीच्या वेळी हात गार असेल तर तंत्रज्ञ आधी तो ऊबदार करतात, कारण एका अंशाच्या थंडाव्यानं वेग सेकंदाला दीड-दोन मीटरनं उतरतो आणि धडधाकट माणूसही रुग्ण ठरायचा.

मायलिन गेलं असेल तर सुधारणेची आशा चांगली. श्वॉन पेशी पुन्हा गुंडाळायला लागतात. नवे तुकडे आखूड आणि पातळ असतात, पण काम भागतं, आणि आठवड्यांत किंवा काही महिन्यांत माणूस उभा राहतो. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मांडीपासून पावलापर्यंतचं अंतर त्या गतीनं काटायचं तर वर्षं लागतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत तर एवढीही सोय नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिन जातं ते तिथलं. त्या रुग्णांना कडक उन्हात किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर काही वेळ अंधुक दिसतं, पाय जड होतात. उष्णतेनं सोडियम-वाहिन्या लवकर मिटतात आणि आधीच कमी पडणारा प्रवाह आणखी अपुरा होतो, हे त्याचं कारण. अंग थंड झालं की त्रास ओसरतो.

श्वॉन पेशींचा एक शत्रू महाराष्ट्राला फार जुना ओळखीचा आहे. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा जिवाणू याच पेशींच्या आत घर करतो, शरीराच्या गार भागांत, बारीक तंतूंच्या आसपास आधी. ऊन-गार आणि दुखणं कळेनासं होतं. बोटं झडतात ती जिवाणूनं खाल्ल्यामुळे नव्हे. चटका बसला, काटा रुतला हे कळत नाही, म्हणून जखमा चिघळत जातात. आनंदवनात बाबा आमटे यांनी ज्यांच्यासाठी वसाहत उभारली त्यांच्या हातापायांवर हेच घडलं होतं. पहिल्या प्रश्नातली ती कटकटी सणक आणि तो ठणका नसल्याचा हा परिणाम.

पुण्याच्या अनुभवावरून एवढं मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावं : दोन्ही पायांत अशक्तपणा येऊन तो दिवसागणिक वर चढत असेल, तर थकवा समजून वाट बघू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावं. श्वासाचे स्नायू गळाठले तर व्हेंटिलेटर लागतो. इम्युनोग्लोब्युलिन देणं किंवा रक्तद्रव बदलणं हे उपचार लवकर सुरू झाले तर जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न : मायलिन वाढवायला काय खावं? बदाम, तूप, ब्राह्मी? जाहिरातींत तर बरंच काही सांगतात.
– एक वाचक, अमरावती

उत्तर : बदाम आवडत असतील तर खा, मायलिनसाठी नको. मायलिनमधलं कोलेस्टेरॉल मेंदू स्वतः तयार करतो; रक्तातलं तिकडे जात नाही, त्यामुळे तूप वाढवून मेंदूच्या तंतूंवर थर चढत नाही. मायलिन टिकवण्यासाठी ज्याची खरोखर गरज असते आणि आपल्याकडे जे वारंवार कमी पडतं ते बी-१२ हे जीवनसत्त्व. ते वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसतंच. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. काटेकोर शाकाहारी, त्यातही दूध कमी घेणारे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले, वयस्कर आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांना कमतरतेचा धोका जास्त. लक्षणं हळूहळू येतात : पावलांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, पायाखाली कापूस असल्याचा भास. मधुमेहातही पायाला मुंग्या येतात, म्हणून दोन्हींची गल्लत होते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत तंतूंचं नुकसान चालूच राहतं, तेव्हा त्या मनानं घेऊ नका. बी-१२ साध्या रक्ततपासणीत कळतं, गोळ्या आणि इंजेक्शनं महाग नाहीत. नुकसान जुनं झालं असेल तर मात्र ते पूर्ण भरून येतंच असं नाही.